परसातली खोली

आमच्या शहापुरातल्या जुन्या घराच्या परसात, विहिरीच्या कडेला, एक खोली आहे. आजोबांच्या काळी तिथे जळाऊ लाकडे आणि गोवऱ्या असत. घरात गॅस आला तशी ती रिकामी झाली. पुढे मी तिथे टेबल टाकले आणि वार्षिक परीक्षेचे पेपर तपासू लागलो. गेल्या काही वर्षांत या खोलीत दोघांना घरापासून वेगळे ठेवण्याचा प्रसंग माझ्यावर आला. एक माझी थोरली बहीण, आणि दुसरा दीड इंच लांबीचा मासा. दोघांची नावे एका वाक्यात घेतल्याबद्दल अक्का मला क्षमा करील. कारण तिच्या बाबतीत मी काय चुकलो हे मला त्या माशाने शिकवले.

आधी माशाचे सांगतो.

माझ्या चिरंजीवांनी मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षे काढली. पदवीबरोबर समुद्राचे वेडही घरी आणले. आमच्या दिवाणखान्यात चार फुटांची काचेची टाकी आली आणि तीत समुद्र तयार झाला. 'तयार झाला' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. गोड्या पाण्याचे मासे पाळणे म्हणजे मांजर पाळण्यासारखे आहे. खाऱ्या पाण्याचे मासे पाळणे म्हणजे आधी पाणी पाळायचे आणि मग मासे. फिल्टरच्या शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात तयार सागरी मीठ विरघळवायचे, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवायचे, वाफ होऊन पाणी उडाले की तेवढेच गोडे पाणी वरून घालायचे. पाणी उडते, मीठ उडत नाही, हे सातवीतल्या विज्ञानाचे वाक्य मला पन्नाशीत पहिल्यांदा नीट कळले. तापमान २५-२६ अंश हवे. आमच्या बेळगावच्या थंडीत त्यासाठी हीटर लावावा लागतो. डिसेंबरात घरातली माणसे शालीत आणि मासे ऊबदार पाण्यात, असा मामला.

टाकीत क्लाऊनफिशची एक जोडी होती. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा २००३ सालच्या चित्रपटामुळे पोरासोरांना 'नेमो' म्हणून ठाऊक झाला आहे. निळ्या अंगाचे आणि पिवळ्या शेपटीचे दोन डॅमसेल होते, वाळूत बीळ करून राहणारा एक गोबी होता आणि लाल पाठीवर पांढरी रेघ असलेल्या दोन कोळंब्या. चिरंजीव नोकरीसाठी परगावी गेले तेव्हा ही सारी प्रजा माझ्या हवाली झाली. जाताना त्याने एक वहीच लिहून दिली. तिच्या पहिल्या पानावर लाल शाईत एकच वाक्य होते : 'नवीन मासा आणला तर सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय यात सोडू नये.'

बत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे की सूचना नीट वाचा. ती माझी मी वाचली, आणि विसरलो.

२०२३ ची दिवाळी होती. भाऊबीजेला घर भरणार होते. धनत्रयोदशीला बाजारात गेलो असता एका दुकानात गडद निळ्या रंगाचा, पिवळ्या शेपटीचा टँग मासा पाहिला. पोरे त्याला 'डोरी' म्हणतात. मला मोह झाला. घरी येऊन मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, एक तर चार फुटांची टाकी त्याला पुरायची नाही. आणि आणलाच आहात तर परसातल्या खोलीत वेगळा ठेवा. आठ दिवस नव्हे, सहा आठवडे."

"अरे, चांगला टुणटुणीत दिसतोय."

"दिसणारच. दिसायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल."

मी 'बरं बरं' म्हटले. वेगळी टाकी मांडायची म्हणजे कटकट, आणि मासा परसात ठेवला तर पाहुण्यांना दाखवायचा कसा? तासभर पिशवीत थोडे थोडे टाकीचे पाणी मिसळून संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मी त्याला सोडून दिला. लक्ष्मीपूजनाला आलेल्या प्रत्येकाने तोंडभरून कौतुक केले. मीही ते घेतले.

भाऊबीज उलटल्यावर टँग दगडाला अंग घासू लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्या परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. एका स्नेह्यांनी सल्ला दिला, "पांढरे ठिपके ना? चमचाभर मीठ टाका, जातात." गोड्या पाण्यातल्या माशांसाठी हा उपाय लोक करतात हे खरे, पण समुद्रात मीठ टाका म्हणणारा सल्लागार आपल्याच समाजात मिळायचा! चार दिवसांनी ठिपके आपोआप नाहीसे झाले. मी विजयी मुद्रेने मुलाला फोन केला, "झाला बरा." पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "बाबा, बरा झाला नाही. ते आता वाळूत गेलेत."

'ते' म्हणजे काय हे त्या रात्री त्याने मला शिकवणीच्या मुलासारखे समजावून सांगितले. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स असे त्या परोपजीवीचे भारदस्त नाव. १९३०च्या दशकात सिकामा या जपानी संशोधकाने त्याचे वर्णन केले आणि १९५१ मध्ये ब्राउन यांनी त्याला हे नाव दिले. ग्रीक शब्दांची फोड केली तर अर्थ होतो 'लपलेल्या केंद्रकाचा'. मराठीचा एम. ए. असलो तरी व्युत्पत्ती म्हटली की माझे कान टवकारतात. आणि हे नाव त्या जीवाच्या वागण्यालाही शोभते. हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस त्याच्यावर पोसतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हा पोसलेला जीव. पोट भरले की तो मासा सोडून खाली पडतो, वाळूला वा दगडाला चिकटून भोवती कवच करतो आणि आत स्वतःचे विभाजन करीत बसतो. मासा या वेळी स्वच्छ दिसतो आणि माझ्यासारखा शहाणा फोन करून 'बरा झाला' म्हणतो. पुढे कवच फुटते आणि एकाचे शेकडो होऊन पोहत सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाहीतर ते मरतात. खुल्या समुद्रात बहुतेकांना मासा भेटत नाही. चार फुटांच्या टाकीत मात्र मासा जाणार कुठे?

दुसरी लाट आली तेव्हा ठिपके मोजण्यापलीकडे होते. टँग आधी गेला. मग दोन्ही डॅमसेल एकाच दिवशी. गोबी बिळात मेला, तो आम्हांला दुसऱ्या दिवशी सापडला. क्लाऊनफिशचा नर पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेत होता. सौ. रात्री दोनदा उठून बघून आली. सकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो गेला. तुम्ही काढा, मला जमायचं नाही." ती जोडी सात वर्षे आमच्या घरात होती.

उरली एकटी मादी. आता वहीचे दुसरे पान उघडले. मादीला काढून परसातल्या खोलीत लहान टाकीत ठेवली. या टाकीत वाळू नाही, दगड नाही, कारण परोपजीवीला चिकटायला जागा द्यायची नाही आणि दगड औषध शोषून घेतात. लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे. औषध म्हणजे तांबे. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपल्याकडे आरोग्याला चांगले मानतात. इथे ते लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढ्या काटेकोर मापाने द्यायचे. कमी पडले तर परोपजीवी मरत नाही, जास्त झाले तर मासा मरतो. दिवसातून दोनदा परीक्षानळीत रंग पाहून माप तपासायचे. तांब्याचा घाव फक्त पोहणाऱ्या अवस्थेवर बसतो. कातडीखाली असलेल्यावर नाही आणि कवचातल्यावरही नाही. म्हणून चार दिवसांत भागत नाही, महिनाभर धीर धरावा लागतो. कोळंब्यांना मात्र तांबे म्हणजे विषच, म्हणून त्या मोठ्या टाकीतच राहिल्या. मासाच नसेल तर परोपजीवी उपाशी मरतात. पण काही कवचे ७२ दिवसांनंतरही फुटल्याची नोंद आहे, म्हणून ७६ दिवस टाकी माशाविना ठेवायची असा हौशी लोकांचा दंडक. दिवाणखान्यातली ती दिव्यांची झगमगती, रिकामी टाकी अडीच महिने मला रोज माझा निकाल वाचून दाखवीत होती. येणारा-जाणारा विचारी, "सर, मासे कुठे आहेत?" मी खरे ते सांगू लागलो. त्याने थोडे हलके वाटे.

फेब्रुवारीच्या अखेरीस मादी आपल्या घरी परतली. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तिच्यासाठी एक लहान क्लाऊनफिश आणला. या जातीत पिल्ले सारी नर म्हणून वाढतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो आणि लहान नरच राहतो. तेव्हा आणताना लिंग पाहावे लागत नाही, आकार पाहिला की झाले. सौ. म्हणाली, "नवरा लहानखुरा बघा, म्हणजे संसार सुखाचा." हा दीड इंची नवरदेव थेट परसातल्या खोलीत गेला. वेगळी टाकी, वेगळी जाळी, वेगळी बादली, हात धुतल्याशिवाय या टाकीतून त्या टाकीत घालायचा नाही. सहा आठवडे.

आणि इथे मला पहिल्यांदा कळले की वेगळे ठेवणे हे बसून करायचे काम आहे.

मी समजत होतो की मासा तिकडे नेऊन ठेवला की सुटलो. पण वहीत लिहिले होते : 'सर्वांत जास्त लक्ष या टाकीकडे हवे.' नवा मासा प्रवासाने घाबरलेला असतो. तो खात नाही. एकदम घातलेले अन्न कुजते आणि लहान टाकीत अमोनिया चढतो. म्हणून चिमूटभर, दिवसातून तीन-चारदा, आणि तो खातो की नाही हे पाहत बसायचे. श्वास मोजायचा. पर मिटलेले आहेत की उघडे, अंग घासतो का, कोपऱ्यात तोंड खुपसून राहतो का, हे सारे पाहायचे. मी वेताची खुर्ची तिथे नेली. सकाळी शाळेला जाण्याआधी अर्धा तास आणि संध्याकाळी तास-दीड तास मी तिथे बसू लागलो. आठवड्याभरात तो मला ओळखू लागला. मी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला की पाइपमधून बाहेर यायचा. मी त्याच्याशी बोलायचो देखील. शाळेतल्या राजकारणाला इतका निमूट श्रोता मला दुसरा मिळालेला नाही.

अशाच एका संध्याकाळी पाऊस लागला होता. पन्हाळीचे पाणी विहिरीच्या कठड्यावर पडत होते. खोलीच्या उंबऱ्याकडे माझी नजर गेली आणि त्याच उंबऱ्यावर ठेवलेले एक ताट मला आठवले.

२०२० सालचा जून महिना. आई शहाऐंशी वर्षांची होती, तिला दम लागत होता. अक्का कोल्हापुरात. शंभर-सव्वाशे किलोमीटरचे अंतर; एरवी सकाळी निघून जेवायला यावे असे. पण मध्ये कोगनोळीचा नाका होता. सेवासिंधूवर अर्ज, पास, नाक्यावर तपासणी, "एल्लिंद बंद्री?" हा प्रश्न, आणि महाराष्ट्रातून आलेल्यांना सात दिवस सरकारी विलगीकरण. आपल्या भागात पाटीवरच्या भाषेवरून एवढे रणकंदन होते. त्या वर्षी मात्र 'क्वारंटाइन' हा शब्द दोन्ही भाषांत एकच होता आणि तो कोणालाच आपला वाटत नव्हता. आमच्या शाळेचेही चार वर्ग त्यासाठी घेतले होते. अक्काने एका वसतिगृहात सात दिवस काढले. त्रेसष्ट वर्षांची बाई, लोखंडी खाटेवर. नंतर नियमाप्रमाणे सात दिवस घरी वेगळे राहायचे होते. मी आपल्या मनाने चौदा केले आणि तिला परसातल्या खोलीत ठेवले.

आईसाठी केले. आजही मला वाटते की वेगळे ठेवले ते बरोबरच केले. हा शब्दच मुळी तसल्या भीतीतून आला आहे. १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्निक, बंदराने प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे त्याचे चाळीस झाले, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून क्वारंटाइन. आमची आजी प्लेगच्या झोपड्यांच्या गोष्टी सांगायची. उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर राहायला जायचे. पण तिच्या गोष्टीत भीतीइतकीच गंमतही असे : माळावरच्या पंगती, रात्रीची भजने, चुलत घराण्यांचे मिटलेले भांडण. गाव वेगळे राही, पण सगळे मिळून.

मी काय केले? सकाळी चहा आणि दोन वेळचे ताट उंबऱ्यावर ठेवायचो, कडी वाजवायचो आणि ती दार उघडायच्या आत विहिरीपलीकडे जाऊन उभा राहायचो. "काही हवं का?" एवढेच ओरडून विचारायचो. "नको," एवढेच उत्तर यायचे. ताट तिने धुऊन ठेवायचे, मी ते पुन्हा उकळत्या पाण्याने धुवायचो, आणि तेही तिला दिसेल अशा नळावर. पंधराव्या दिवशी ती घरात आली, आईजवळ बसली, आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला. आई पुढे दोन वर्षे होती. २०२२ च्या श्रावणात गेली. अक्काने कधी चकार शब्द काढला नाही. फक्त त्यानंतर ती आमच्याकडे मुक्कामाला राहिनाशी झाली. भाऊबीजेला सकाळी यायची, ओवाळायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मी म्हणायचो, वय झाले, आपले घर बरे वाटत असेल.

पावसातल्या त्या संध्याकाळी मी हिशेब केला. त्या माशासमोर मी तोवर वीस-पंचवीस तास बसलो होतो. अक्काच्या दाराबाहेर, आठ हातांवर का होईना, खुर्ची टाकून चौदा दिवसांत एकदाही बसलो नव्हतो. वेगळे ठेवणे आणि वाळीत टाकणे यांत भिंतीचा फरक नसतो. भिंत दोन्हीकडे तीच असते. भिंतीच्या अलीकडे कोणी बसले आहे की नाही, एवढाच फरक.

वाचकहो, माशांचा नियम माणसांना लावावा असे मी म्हणत नाही. मुख्याध्यापकाने तर मुळीच म्हणू नये. वर्षाच्या मध्येच बदलून आलेले, भाषा अर्धवट येणारे, कामावरच्या आईबापांबरोबर फिरणारे मूल आले की 'महिनाभर मागच्या बाकावर बसू दे, बघू कसं आहे ते' असे मीही पूर्वी म्हणत असे. त्या मुलापासून वर्गाला कसलाही संसर्ग होणार नव्हता. ती केवळ आमची सवय होती. आता असे मूल आले की पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावतो आणि दहा मिनिटे समोर बसवतो. विचारायचे काही नसते. घाबरले आहे का, डबा खाते का, एवढेच पाहतो.

नवरदेव सहा आठवडे काढून मोठ्या टाकीत गेला. मादीने दोन दिवस त्याला पिटाळले, मग जवळ येऊ दिले.

२०२४ च्या भाऊबीजेला अक्का आली. ओवाळून झाले, ताटात ओवाळणी घातली. मग ती टाकीसमोर बसून राहिली. "हा नवा काय रे?" तिने विचारले. मी सारी हकिगत सांगितली. टँगची, ठिपक्यांची, रिकाम्या टाकीची, परसातल्या खोलीची. खोलीचा विषय निघाल्यावर थांबलो. मग म्हणालो, "अक्का, त्या खोलीत तुला चौदा दिवस ठेवलं..."

"ठेवलंस ते बरोबर केलंस की," ती लगेच म्हणाली. "आई दोन वर्षं मिळाली आपल्याला. मी काय खुळी आहे न समजायला?"

मी गप्प राहिलो. तीही थोडा वेळ माशांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "खरं एक सांगू? लहानपणी मी बाजूला बसायची तेव्हा आई लांबूनच वाढायची. शिवायची नाही. खरं ताट वाढून ती तिथंच पाटावर बसायची आणि माझं जेवण होईस्तोवर बोलत राहायची. शेजारणीचं, गाईचं, कशाचंही. मला तेच आठवायचं त्या खोलीत. तू ताट ठेवून पळायचास."

"होय," मी म्हणालो. "पळायचो."

"भ्यालेला होतास."

"होय."

ती हसली. "माशापुढं बरा बसतोस आता."

संध्याकाळी मी तिला गाडीवर पोहोचवायला गेलो. नेहमीप्रमाणे तिने खिडकीतून हात हलवला. गाडी सुरू झाल्यावर मात्र डोके बाहेर काढून म्हणाली, "तुळशीच्या लग्नाला येते. चार दिवस राहीन म्हणते. त्या खोलीतलं तुझं मत्स्यालय हलव, मला तिथंच झोपायचं. तिथं वारा चांगला येतो."

ती आली आणि चार नव्हे, आठ दिवस राहिली. लहान टाकी मी धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवली आहे. नवा मासा आणायचा झाला तर ती पुन्हा खाली येईल आणि सहा आठवडे तिथेच राहील, त्यात आता सवलत नाही. वेताची खुर्ची मात्र खोलीच्या दाराशीच आहे. संध्याकाळी मी तिच्यावर बसलो आणि अक्का आत पलंगावर पाय पसरून बसली, की आमच्या आठवणींना तोटा नसतो.